अर्धा तास, सहा पाहुणे आणि एक घुमट

सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये महापौर बसतात, नगरसभा भरते, मालमत्ता कर भरायची खिडकीही तिथंच आहे; आणि त्याच इमारतीत सोमवार ते शुक्रवार, कचेरीच्या वेळात, लग्नं लागतात. वधूवर करदात्यांच्या मागोमाग सुरक्षा तपासणीच्या चौकटीतून आत येतात, क्लार्कच्या कार्यालयात हजेरी लावतात आणि थोड्या वेळाने घुमटाखालच्या संगमरवरी जिन्याच्या माथ्यावर उभे राहतात. या लग्नांची छायाचित्रं पाहून वाटतं, की जोडपी इथं येतात ती घुमटासाठी आणि जिन्यासाठी. ते अर्धंच खरं आहे. घुमट आणि जिने जगातल्या पुष्कळ सरकारी वास्तूंना आहेत, पण तिथं कुणी मुंडावळ्या बांधून जात नाही. सिटी हॉल लग्नाची जागा झालं ते तळमजल्यावरच्या एका टेबलामुळे. त्या टेबलावरचे नियम थोडे आहेत, आधी कळतात आणि समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला सारखेच लागू होतात. छोटं लग्न देखणं होण्यासाठी वास्तूपेक्षा ही शिस्त जास्त मोलाची असते, असं माझं म्हणणं आहे.

वास्तूचा इतिहास आधी पाहायला हवा, कारण तिचा भव्यपणा नुसत्या हौसेतून आलेला नाही. आधीचं सिटी हॉल बांधायला पाव शतकाहून अधिक काळ गेला होता आणि त्यातल्या पैशाच्या अफरातफरीची चर्चा शहरभर होती. १८ एप्रिल १९०६च्या भूकंपात ते पाहता पाहता ढासळलं आणि निकृष्ट काम सगळ्यांना दिसलं. नव्या इमारतीसाठी स्पर्धा झाली, ती जॉन बेकवेल आणि आर्थर ब्राउन (धाकटे) या भागीदारांनी जिंकली. दोघंही पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये शिकलेले. १९१५ साली, पनामा-पॅसिफिक प्रदर्शनाच्या वर्षी, इमारत उभी राहिली. तिचा घुमट तीनशे सात फुटांहून उंच आहे, म्हणजे वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षाही उंच. भूकंपात आणि आगीत बेचिराख झालेल्या शहराला स्वतःवरचा विश्वास परत मिळवायचा होता, त्याचं हे माप. आतला रुंद जिना नगरसभेच्या दालनाकडे चढत जातो. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्या नागरिकालाही राजवाड्यातल्यासारखी वाट मिळावी, अशी ती रचना आहे. याच जिन्यावरून मे १९६०मध्ये, संसदीय चौकशी समितीविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांना अग्निशमनाच्या पाण्याच्या माऱ्याने खाली लोटलं गेलं. याच इमारतीत २७ नोव्हेंबर १९७८ रोजी महापौर जॉर्ज मोस्कोनी आणि नगरसभासद हार्वी मिल्क यांचे खून झाले. १९८९च्या लोमा प्रिएटा भूकंपाने घुमटाला हादरा दिला, तेव्हा सबंध इमारत पायापासून मोकळी करून पाचशेहून अधिक रबरी आधारकांवर ठेवली गेली, म्हणजे जमीन हलली तरी वरचा डोलारा तिच्याबरोबर फरफटणार नाही. १९९९च्या जानेवारीत ती पुन्हा उघडली. एवढा सार्वजनिक खर्च आणि एवढा सार्वजनिक संताप पोटात घेतलेली वास्तू दोन माणसांच्या खासगी आनंदाला वापरू देणं ही शहराची मेहरबानी नाही. जी वास्तू लोकांची आहे, तिचा हाही एक लोकोपयोग आहे.

आता टेबलाकडे येऊ. इथल्या लग्नाचे दोन भाग असतात आणि त्यांची वेळ वेगवेगळी घ्यावी लागते. पहिला भाग परवान्याचा. दोघांनी ओळखपत्र घेऊन जातीने हजर राहायचं, अर्ज भरायचा, शुल्क द्यायचं. कॅलिफोर्नियाचे रहिवासी असण्याची अट नाही, अमेरिकेचे नागरिक असण्याचीही नाही. परवाना मिळाल्यावर थांबण्याची मुदत नाही, त्यामुळे त्याच दिवशी लग्न लावता येतं. मात्र परवाना नव्वद दिवसच चालतो. दुसरा भाग समारंभाचा. शहराने नेमलेले विवाह आयुक्त धर्माचा उल्लेख नसलेली चार वाक्यं म्हणतात, दोघांची संमती विचारतात, अंगठ्या असतील तर त्या घातल्या जातात, सह्या होतात. नेहमीच्या परवान्याला किमान एक साक्षीदार लागतो. गोपनीय परवाना घेतला, तर साक्षीदारही लागत नाही आणि नोंद लोकांना पाहायला खुली राहत नाही, मात्र दोघं आधीपासून एकत्र राहत असल्याचं जाहीर करावं लागतं. समारंभासाठी अर्ध्या तासाची वेळ ठरवून दिलेली असते आणि सोबत सहापर्यंतच पाहुणे आणता येतात. लग्नानंतर सही झालेला परवाना नोंदीसाठी जातो. पारपत्र, व्हिसा, विमा यांसाठी लागणारी विवाहाच्या दाखल्याची प्रमाणित प्रत मात्र वेगळी मागावी लागते. ती आपोआप घरी येईल असं समजून बसणाऱ्यांची पुढे धावपळ होते.

असं लग्न योजायचं म्हणजे काय करायचं, हे या नियमांतूनच ठरत जातं. पहिला प्रश्न हॉलचा, कॅटररचा किंवा बँडचा नसतो. सहा माणसं कोणती, हा असतो. दोन्हीकडचे आईवडील धरले की चार झाले. उरलेल्या दोन जागा बहीण, भाऊ, आजी की जिवलग मित्र, यावर घरात जे बोलणं होतं ते पाचशेंच्या यादीवरच्या वादापेक्षा अवघड आणि खरं असतं. दुसरा प्रश्न नावाचा. कॅलिफोर्नियात लग्नानंतरचं आडनाव परवान्याच्या अर्जातच लिहावं लागतं. नवऱ्याचं, बायकोचं, दोन्ही जोडून, की आहे तेच, हा निर्णय टेबलापाशी उभं राहून करायचा नसतो. तिसरा प्रश्न वेळेचा. आदल्या दिवशी परवाना काढून ठेवला, की समारंभाच्या दिवशी कागदांची चिंता राहत नाही. सकाळच्या वेळा गर्दीआधीच्या असतात, शुक्रवारी आणि व्हॅलेंटाइन डेच्या सुमारास वर्दळ वाढते. शालू असो की साधा सदरा, तपासणीतून जायचं आहे आणि दगडी पायऱ्या चढायच्या आहेत, हे लक्षात ठेवून निवडावा. जेवणावळ इमारतीत होणार नाही हे पहिल्यापासून माहीत असतं. मग एखादं ओळखीचं खानावळवजा हॉटेल किंवा घरची पंगत पुरते. खर्चही त्याच हिशेबाने येतो: परवाना आणि समारंभ यांचं शुल्क प्रत्येकी शंभर डॉलरच्या आसपास, बाकी जे करायचं ते ऐपतीप्रमाणे. एकेका नियमाने एकेक निर्णय आधीच घेऊन टाकलेला असल्यामुळे जोडप्याच्या हाती नेमके तेच निर्णय उरतात, जे दुसऱ्या कुणी घेऊ नयेत.

टेबल सगळ्यांना सारखं असणं ही मात्र आपोआप घडलेली गोष्ट नाही. कॅलिफोर्नियात गोऱ्यांचं आणि अन्य वंशीयांचं लग्न कायद्याने बंद होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं शेतीत राबायला गेलेल्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली, त्यात परवाना देणाऱ्या कारकुनाला दोघांचा वर्ण एकसारखा दिसतो की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असे. १९४८मध्ये पेरेझ विरुद्ध शार्प या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. तो खटलाही लॉस एंजेलिसच्या क्लार्कने परवाना नाकारला म्हणूनच उभा राहिला होता. या इमारतीतलं सर्वांत गाजलेलं लग्न मेरिलिन मन्रो आणि बेसबॉलपटू जो डिमॅजिओ यांचं, १४ जानेवारी १९५४चं. ते घुमटाखाली नव्हे, एका न्यायाधीशाच्या खोलीत लागलं. डिमॅजिओ घटस्फोटित असल्याने कॅथलिक चर्चचं दार त्यांना बंद होतं, कचेरीचं उघडं होतं. १२ फेब्रुवारी २००४ रोजी महापौर गॅव्हिन न्यूसम यांच्या सूचनेवरून समलिंगी जोडप्यांना परवाने देणं सुरू झालं. डेल मार्टिन आणि फिलिस लायन या पन्नास वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिलेल्या दोघी पहिल्या. महिनाभरात सुमारे चार हजार जोडप्यांनी लग्नं केली, पावसात इमारतीभोवती रांगा लागल्या. ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी रद्द ठरवली, कारण महापौराला तसा अधिकार नव्हता. २००८मध्ये त्याच न्यायालयाने हक्क मान्य केला आणि मार्टिन व लायन यांचं त्याच इमारतीत पुन्हा लग्न लागलं. नोव्हेंबरात मतदारांनी बंदी आणली, जून २०१३मध्ये ती उठली. या सगळ्या वर्षांत जिना तोच होता आणि घुमटही तोच. बदलत होतं ते टेबलावर काय मान्य होतं एवढंच. २००४च्या जोडप्यांकडे उत्तम छायाचित्रं होती, वैध लग्न नव्हतं. वास्तू आणि कार्यपद्धती यांतलं मोलाचं काय, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळं ठीक, पण आज लोक येतात ते फोटोसाठीच. सिटी हॉल म्हणजे पार्श्वभूमीचा पडदा झाला आहे. फोटोची हौस आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण निव्वळ पार्श्वभूमी हवी असेल तर बागा आहेत, समुद्रकिनारे आहेत आणि तिथं अर्ध्या तासाचं बंधन नाही. सिटी हॉलमधल्या फोटोत मागून फायली घेऊन जाणारा कर्मचारी दिसतो, शाळेची सहल दिसते, शेजारच्या जोडप्याचा घोळका दिसतो. ही गर्दी लग्नाला लागणाऱ्या समाजाच्या साक्षीचंच काम करते. ओळखीच्यांची संख्या सहावर आली, तरी अनोळखी नागरिक समोर असतातच.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. याच इमारतीत जास्त पैसे भरून तासाभरासाठी वरच्या मजल्यावरची गॅलरी किंवा महापौरांची बाल्कनी घेता येते, पाहुणेही कितीतरी जास्त आणता येतात. कचेरी सुटल्यावर मोठे खासगी समारंभ होतात. मग समता कुठे राहिली? इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. जागा, वेळ आणि खुर्च्या विकत मिळतात, पण लग्न त्या पैशाने अधिक पक्कं होत नाही. दोन्हीकडे परवाना तोच, वैधता तीच. सार्वजनिक वास्तूच्या देखभालीला भाड्याची मदत होणं गैर नाही, जोवर त्यापायी साध्या लग्नाची वेळ आक्रसत नाही किंवा त्याला मागच्या खोलीत ढकललं जात नाही. हीच रेषा जपायला हवी. ज्या दिवशी घुमटाखालचा जिना फक्त महागड्या समारंभांना मिळेल, त्या दिवशी ते सिटी हॉल उरणार नाही, नुसतं मंगल कार्यालय होईल.

तिसरा आक्षेप आपल्या घरांतून येणारा: लग्न दोन माणसांचं नसतं, दोन घरांचं असतं; सहा पाहुण्यांत काकू, मामा, शेजारी कुठे बसवायचे? हा आक्षेप भावनेचा म्हणून झटकू नये. लग्नात नात्यांची नव्याने मांडणी होते आणि त्यासाठी माणसं समोर असावी लागतात. पण सिटी हॉलचा समारंभ स्वागत समारंभाला आडवा येत नाही. अमेरिकेतल्या भारतीय जोडप्यांत आधी तिथं कायदेशीर विवाह आणि मग सवडीने मायदेशी विधी, हा क्रम आता सर्रास दिसतो. शपथ आणि सोहळा वेगळे केल्याने दोन्हींना जागा मिळते. शिवाय मोजक्या माणसांसमोर साधी प्रतिज्ञा घेण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३च्या डिसेंबरात पुरोहिताशिवाय लग्न लावून दाखवलं, त्यात खर्चाला कात्री होती आणि वधूवरांच्या स्वतःच्या शब्दांना मान होता.

मग आपल्याकडे नोंदणी विवाह म्हटलं की डोळ्यांसमोर अरुंद जिना, स्टॅम्पपेपरवाले आणि एजंटांचा गराडा का येतो? सुंदर वास्तूंचा तुटवडा हे उत्तर नाही. मुंबई महापालिकेचं १८९३चं मुख्यालय सिटी हॉलपेक्षा बावीस वर्षांनी जुनं आहे आणि शोभेत कुठेही कमी नाही. कायदाही आडवा येत नाही. १९५४चा विशेष विवाह कायदा विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर, वाजवी अंतरावरच्या जागी, जादा शुल्क भरून लग्न लावायला मुभा देतो. समारंभाचं स्वरूपही जोडप्यावर सोपवतो. तीन साक्षीदारांदेखत एकमेकांचा स्वीकार केल्याचं सांगितलं की झालं. अडचण त्याआधी आहे. दोघांपैकी एकाने जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, नोटीस दर्शनी भागी लावली जाते, आक्षेपांसाठी आणखी तीस दिवस जातात. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडप्याला ती नोटीस म्हणजे विरोधकांना धाडलेलं आमंत्रण वाटते. जिथं यायची भीती वाटते, ती इमारत कितीही सुंदर असली तरी लग्नाची जागा होत नाही. नोटिशीचे समर्थक म्हणतात, की फसवणूक आणि आधीचं लग्न लपवणं यांना त्यानेच आळा बसतो. हेतू रास्त आहे, पण ओळखपत्र, शपथपत्र आणि खोट्या माहितीला शिक्षा यांनीही तो साधतो. कॅलिफोर्नियातही खोटी शपथ हा गुन्हाच आहे, त्यासाठी महिनाभर फलकावर नाव टांगलं जात नाही.

म्हणून ऐतिहासिक सरकारी इमारतीतल्या छोट्या लग्नाचं कौतुक करताना घुमटाच्या उंचीपाशी थांबू नये. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महापालिकेच्या जुन्या सभागृहात आठवड्यातून एक सकाळ नोंदणी विवाहांसाठी राखून ठेवायची, वेळ ऑनलाइन ठरवायची, शुल्काची पाटी मराठीत लावायची, पाहुण्यांची संख्या नेमून द्यायची: यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. नोटिशीची अट बदलायला मात्र कायदाच लागेल. पहिलं काम जिल्ह्यातला अधिकारी करू शकतो, दुसरं संसदेचं आहे. पहिलं नीट झालं, तर दुसऱ्याची मागणी करणाऱ्यांचा आवाजही वाढेल, कारण सरकारी दारी सन्मानाने लग्न लागू शकतं हे लोकांनी तोवर डोळ्यांनी पाहिलेलं असेल.