ताप उतरल्यावर विषाणु देहांत किती दिवस राहतो ?

ताप उतरला म्हणजे रोग गेला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती सर्वस्वीं खरी नव्हे. हत्तीरोगाचा आमच्या भंडारा जिल्ह्यास जुना परिचय आहे. त्याचे सूक्ष्म जंतु धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तांतहि वर्षानुवर्षें राहतात, हें रात्रीं रक्त तपासून घेणाऱ्यांस ठाऊक आहेच. झिका नांवाच्या विषाणूची मुदत इतकी दीर्घ नाहीं. परंतु देहांतील निरनिराळ्या द्रवांत ती निरनिराळी असल्यामुळें तिचा नीट उलगडा होणें अगत्याचें आहे.

हा विषाणु प्रथम १९४७ सालीं युगांडा देशांतील झिका नामक अरण्यांत एका माकडाच्या रक्तांत सांपडला. महाराष्ट्रांतील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्यें पुणें जिल्ह्यांत, पुरंदर तालुक्यांतील बेलसर या खेड्यांत आढळला. पुढें जून २०२४ पासून खुद्द पुणें शहरांत अनेक रुग्ण निघाले व त्यांत गर्भवती स्त्रियाहि होत्या. आमच्याकडील तरुण मंडळी नोकरीधंद्यानिमित्त पुण्यास जात-येत असतात. तेव्हां हा विषय आपल्यापासून दूरचा मानतां येत नाहीं.

विषाणु वाहून नेणारा डांस एडीस जातीचा असून तो दिवसा चावतो. पहिल्या आठवड्याच्या सुमारास रुग्णाच्या रक्तांत विषाणु पुरेसा असतो. त्या वेळीं डांस चावल्यास तो विषाणु घेऊन दुसऱ्यास देतो. म्हणून रुग्णानें निदान एक आठवडा दिवसाहि मच्छरदाणींत निजावें. या रोगाची लागण झालेल्या पांचांपैकीं सुमारें चौघांस कांहींच लक्षण दिसत नाहीं, हें विशेष ध्यानांत ठेवावें.

प्युर्टो रिको बेटांत रुग्णांची वारंवार तपासणी करून २०१८ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांवरून असें दिसतें कीं, निम्म्या रुग्णांत विषाणूचा अंश मूत्रांतून सुमारें दीड आठवड्यांत, रक्तजलांतून सुमारें दोन आठवड्यांत, परंतु पुरुषाच्या वीर्यांतून सुमारें सहा आठवड्यांनीं नाहींसा झाला. शंभरांतील पंचाण्णव पुरुषांचें वीर्य निर्मळ होण्यास सुमारें चार महिने लागले.

येथें एक भेद समजून घ्यावा. अंश सांपडणें म्हणजे जिवंत विषाणु सांपडणें नव्हे. खातेदार मयत झाल्यावरहि फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यावर त्याचें नांव तसेंच राहतें. म्हणून तो नांगर धरीत नाहीं. तद्वत् मृत विषाणूचा अवशेषहि तपासणींत उतरतो. जिवंत विषाणु वीर्यांत त्याहून कमी काळ टिकतो. तथापि नेमका कोणत्या दिवशीं संपला हें घरीं बसून कळत नाहीं, म्हणून मुदत सढळ धरावी लागते.

ही मुदत जागतिक आरोग्य संघटनेनें पुरुषांस तीन महिने व स्त्रियांस दोन महिने सांगितली आहे. रोगाची सांथ असलेल्या ठिकाणाहून परतलेल्यांनीं, ताप आलेला नसला तरी, तेवढ्या काळांत निरोध वापरावा किंवा संयम पाळावा, व अपत्याचा विचार पुढें ढकलावा. पत्नी गर्भवती असल्यास संपूर्ण गर्भकाळ हा नियम पाळावा. गर्भावस्थेंत लागण झाल्यास कांहीं बालकांचीं डोकीं लहान राहतात व मेंदूची वाढ खुंटते, असा दारुण अनुभव ब्राझील देशास २०१५ पासून आला. बेलसर येथेंहि कांहीं महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देण्यांत आला होता. वडीलधाऱ्यांपुढें असें बोलण्यास तरुणांस संकोच वाटतो. परंतु तो संकोच बालकाच्या जन्मभराच्या व्यंगाहून मोठा नाहीं. रुग्णाशीं बोलल्यानें, त्याच्या पंक्तीस जेवल्यानें किंवा त्याच्या शेजारीं बसल्यानें मात्र हा रोग जडत नाहीं; सबब त्यास वाळींत टाकूं नये.

या विषाणूवर खात्रीचें औषध नाहीं. म्हणून मूळ उपाय पाण्याचाच. धानाच्या बांधींत व बोडींत हा डांस सहसा वाढत नाहीं. तो रांजण, सिमेंटची टाकी, गुरांचें टांकें आणि परसांत पडलेलें टायर यांतील सांठलेल्या पाण्यांत वाढतो. त्याचीं अंडीं कोरड्या भांड्यासहि महिनोगणती चिकटून राहतात. यास्तव दर आठवड्यास एक दिवस ठरवून सर्व भांडीं रिकामीं करावीं, आंतून घासावीं, वाळवावीं व मग भरून झांकून ठेवावीं. खरिपाच्या धांदलींतहि हें काम तासाभरांत उरकतें.