कानातला वास लपवू नका

रविवारी सकाळी विहारात वंदनेला मुलं जमतात तेव्हा पुढे बसण्यासाठी ढकलाढकली होते. दिवाळ्याच्या आमच्या वस्तीतली एक मुलगी मात्र दोन वर्षं सगळ्यांच्या मागे, दारापाशी बसायची. डोक्यावरून ओढणी, डाव्या कानात कापूस. नववीत होती. आम्हाला वाटायचं, पोर लाजाळू आहे. एकदा तिच्या शेजारी जाऊन बसलो तेव्हा कळलं. कापसाला अत्तर लावलेलं होतं, आणि त्या अत्तरातूनही कुजका वास येत होता.

तिची आई सीवूड्सला चार घरची धुणीभांडी करते. वडील मासळी बाजारात बर्फाच्या लाद्या वाहतात. आईला विचारलं तर आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, शाळेत बाईंनी हिला मागच्या बाकावर बसवलं. वास येतो म्हणाल्या. आपल्याला लांब बसा म्हणायला लोकांना निमित्तच हवं असतं. म्हणून अत्तर लावून पाठवते."

लांब बसवलं जाणं म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच त्या आईने वास लपवला. पण तो वास अस्वच्छतेचा नव्हता. कानाच्या आत हाड झिजत होतं, त्याचा तो वास होता. या आजाराला कोलेस्टिॲटोमा म्हणतात.

चूक आमचीही झाली

मुलीचा कान पाच-सहा वर्षांची असल्यापासून फुटत होता. पावसाळा आला की पू यायचा, थेंब टाकले की सुकायचा. आजी लसूण घालून कोमट तेल सोडायची. शिबिरात मिळालेले थेंब तर आम्हीच तिच्या हातात दिले होते, आणि पुढच्या वेळी "कान सुकला" म्हणून वहीत खूणही केली होती. नर्सिंग शिकलेल्या माणसांनी विचारायला हवं होतं की हा कान वरचेवर का फुटतो आणि कुणी दुर्बिणीतून पडदा पाहिला आहे का. आम्ही विचारलं नाही, कारण मुलगी दुखतंय म्हणत नव्हती.

हा आजार बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखणाऱ्या कानासाठी माणूस रात्री धावत दवाखाना गाठतो. न दुखणाऱ्या, नुसत्या वाहणाऱ्या कानाबरोबर वर्षानुवर्षं राहतो.

कानात नेमकं काय होतं

नावावरून गैरसमज होतो. मुलीच्या घरी दोन महिने तळण बंद होतं, कारण कुणीतरी सांगितलं की हे कोलेस्टेरॉलचं दुखणं आहे. तसं काही नाही. १८३८ साली योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाव दिलं आणि चुकीचं असूनही ते टिकलं. याचा चरबीशी संबंध नाही आणि हा कॅन्सरही नाही.

आपल्या कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. नाकाच्या मागून एक नळी तिथे हवा पोचवते. सततची सर्दी किंवा नाकामागची वाढलेली गाठ यामुळे ती नळी नीट उघडली नाही की आतली हवा कमी होते आणि पडदा आत ओढला जातो. पडद्याच्या वरच्या भागात खिसा तयार होतो. अंगावरच्या कातडीची जशी मेलेली साल निघते तशी कानातल्या कातडीचीही निघते. चांगल्या कानात ती मळाबरोबर हळूहळू बाहेर येते. खिशात पडलेली साल मात्र बाहेर येऊ शकत नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी थरावर थर साठते, त्यात जंतू वाढतात आणि वास सुटतो. कधी पडद्याला आधीपासून असलेल्या भोकाच्या कडेवरूनही कातडी आत शिरते.

हा साठा आजूबाजूचं हाड झिजवतो. आवाज आत नेणारी तीन हाडं पोकळीत असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. त्यातली रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. बहुधा आधी ऐरण झिजते आणि ऐकू कमी येऊ लागतं. जवळूनच चेहरा हलवणारी नस जाते. बाजूला तोल सांभाळणारी नळी असते. वर पातळ हाडाचं छप्पर, आणि त्याच्यावर थेट मेंदू. म्हणून दुर्लक्ष झालेल्या रुग्णाचं तोंड वाकडं होतं, चक्कर येते, मेंदूत पू होतो. यातून जीवही जातो.

आमच्या मुलीला हंडा उचलताना चक्कर यायला लागली. कान दाबला तरी घर फिरल्यासारखं व्हायचं. तेव्हा कुठे आम्ही तिला घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. सूक्ष्मदर्शकाखाली कान साफ करून पाहिला, ऐकण्याची तपासणी झाली, कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन झाला. ऐरण जवळजवळ उरलीच नव्हती.

ऑपरेशन कशासाठी, पैसे कुठून

थेंबांनी पू कमी होतो, आजार जात नाही. आत साठलेलं काढण्यासाठी ऑपरेशनच करावं लागतं. बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन, कानामागे चीर घेऊन, कानामागचं हाड कोरून डॉक्टर तो सगळा साठा काढतात. त्याला मास्टॉइडचं ऑपरेशन म्हणतात. पडदा बहुधा त्याच वेळी नवा बसवतात. आजार किती पसरला आहे ते पाहून कानाच्या नळीची मागची भिंत ठेवायची की काढायची हे ठरतं.

आधीच मनाशी एक गोष्ट पक्की करावी. पहिला हेतू कान कोरडा आणि जीव सुरक्षित करणं हा असतो. ऐकू येणं दुसऱ्या क्रमांकावर. काहींचं ऐकणं सुधारतं, काहींचं आहे तेवढंच राहतं, क्वचित कमीही होतं. सही करण्याआधी हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तो तुमचा हक्क आहे.

खर्चाच्या भीतीने मुलीचे वडील तीन आठवडे विषय टाळत होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कानाच्या शस्त्रक्रिया आहेत. २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये झाली. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कोणतं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात योजनेतून होतं, हे त्यालाच विचारा. १५५३८८ वरही चौकशी करता येते. आधी दोन्ही कागदांवरची नावं जुळवून घ्या. आमच्या मुलीच्या नावातल्या एका अक्षरासाठी आठ दिवस गेले. शेवटी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं.

घरी आल्यावर

विनयपिटकात जीवकाची एक गोष्ट आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचं डोकं सात वर्षं दुखत होतं. जीवकाने त्याला विचारलं, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहशील का? श्रेष्ठी हो म्हणाला. जीवकाने त्याचं डोकं उघडून इलाज केला, टाके घातले. श्रेष्ठी प्रत्येक बाजूवर सातच दिवस राहू शकला, आणि एकवीस दिवसांत बरा झाला. जीवक म्हणाला, इतकं मोठं वचन घेतलं नसतं तर तू एवढेही दिवस पडून राहिला नसतास. शस्त्र चालवणारा वैद्य नंतरच्या शिस्तीला किती महत्त्व देतो, ते यातून कळतं.

कानाच्या ऑपरेशननंतरची शिस्त अशी:

• डोक्याची पट्टी एक-दोन दिवसांत निघते. टाके साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. कानात भरलेली पट्टी एक ते तीन आठवड्यांनी डॉक्टरच काढतात, आपण ओढायची नाही.

• कानात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. अंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी ठेवा. डोकं कधी धुवायचं ते डॉक्टर सांगतील. खाडीत किंवा तलावात पोहणं बंद.

• नाक जोरात शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका.

• निदान तीन-चार आठवडे हंडा, बादली, लाद्या, पोती उचलू नका. हे घरच्यांनी पाळायचं आहे, रुग्णाला नुसतं सांगून भागत नाही. आमच्या मुलीचं पाणी महिनाभर तिच्या भावाने भरलं.

• तेल, लसूण, काडी, हेअरपिन, रस्त्यावर मळ काढणारा, काहीही कानात जाता कामा नये.

काही त्रास अपेक्षित असतात. थोडं लालसर पाणी येतं, कानाची पाळी बधिर वाटते, जिभेच्या एका बाजूची चव धातूसारखी लागते, कानात टकटक होते, पट्टी असेपर्यंत ऐकू येत नाही. आमच्या मुलीला दोन महिने चहा कडू लागत होता. चव सांगणारी बारीक नस कानातून जाते, म्हणून असं होतं. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं.

पण ताप, जोराची डोकेदुखी, मान आखडणं, उलट्यांसह चक्कर, तोंड वाकडं होणं, डोळा न मिटणं, अचानक ऐकू न येणं, पू किंवा थांबत नसलेलं रक्त, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालयात जा. ज्यांचं ऑपरेशन झालेलं नाही पण कान वाहतो, त्यांनाही हाच नियम.

टाके निघाले म्हणजे संपलं नाही

सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात. कान कोरडा झाला, वास गेला, की तपासणीची चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात पडते. कातडीचा एक कण जरी मागे राहिला तरी आजार पुन्हा वाढतो, मुलांमध्ये जास्त. नळीची भिंत ठेवली असेल तर बऱ्याचदा नऊ-बारा महिन्यांनी कान पुन्हा उघडून पाहतात किंवा एमआरआय करतात. भिंत काढली असेल तर कानात मोठी पोकळी राहते. ती आपोआप साफ होत नाही, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांकडून साफ करून घ्यावी लागते. हे जन्मभराचं काम आहे. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या ऑपरेशनला महिन्याची बुडते.

ऐकू कमी येत असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी आणि श्रवणयंत्राची सोय आहे. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांचं ऐकणं निदान ६० डेसिबलने कमी असावं लागतं. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल तर दाखल्याच्या मागे पळून दिवस घालवू नका. त्यापेक्षा शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि मुलाला चांगला कान शिकवणाऱ्याकडे होईल अशा पुढच्या बाकावर बसवायला सांगा. घरात मागून हाक मारू नका, समोर येऊन बोला. रस्ता ओलांडताना गाडी कुठल्या बाजूने आली ते एका कानाला कळत नाही, म्हणून दोन्हीकडे पाहायची सवय लावा.

आमची मुलगी आता दहावीत आहे. डाव्या कानाने अजून कमीच ऐकू येतं आणि दुसऱ्यांदा कान उघडून पाहायचं बाकी आहे. शाळेत आम्ही तिच्या आईबरोबर गेलो, बाईंना आजार समजावून सांगितला. बाक बदलला. विहारात ती दुसऱ्या रांगेत डाव्या टोकाला बसते, म्हणजे उजवा कान सगळ्यांकडे राहतो. कापूस नाही, अत्तर नाही.

या रविवारी आपापल्या घरात एवढंच विचारा: कुणाचा कान वरचेवर वाहतो का, त्याला वास येतो का, टीव्हीचा आवाज कुणी वाढवतं का? उत्तर हो असेल तर थेंब मागायला येऊ नका. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन पडदा दुर्बिणीतून पाहून घ्या. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर विहारात निरोप ठेवा, आम्ही बरोबर येऊ.