वेब सर्व्हर कर्नलच्या आत नेला तर?

ब्राउझरने एखादे चित्र मागितले, की ती मागणी सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर येते. तिची पॅकेट जुळवण्याचे काम कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, करतो. वेब सर्व्हर मात्र कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो. मागणी वाचायची तर एक सिस्टिम कॉल (कर्नलला केलेली विनंती), फाइल उघडायला दुसरा, वाचायला तिसरा, पाठवायला चौथा. गंमत म्हणजे ते चित्र बहुधा कर्नलच्या पेज कॅशमध्ये आधीच पडलेले असते. तिथून ते सर्व्हरच्या मेमरीत कॉपी होते आणि आल्या पावली पुन्हा आत, सॉकेटकडे जाते. मधल्या काळात सर्व्हर त्यातल्या एका बाइटकडेही ढुंकून पाहत नाही.

हा हेलपाटा वाचवायला 2000 च्या सुमारास रेड हॅटमध्ये इंगो मोल्नार यांनी लिनक्ससाठी ‘टक्स’ हा वेब सर्व्हर लिहिला. हा सर्व्हर कर्नलच्याच थ्रेडमध्ये चालायचा. मागणी तिथेच वाचायची, फाइल पेज कॅशमधून थेट सॉकेटला द्यायची. पान प्रोग्रॅम चालवून बनवायचे असेल, तर टक्स ते काम कर्नलबाहेरच्या अपाचे या वेब सर्व्हरकडे सोपवत असे. हा शहाणपणाच होता.

कारण बाहेरचा प्रोग्रॅम कोसळला, तर तो एकटाच मरतो. कर्नलच्या आत असे कुंपण नाही. एक पॉइंटर चुकला की अख्खे मशीन झोपते. विंडोज सर्व्हर 2003 पासून मायक्रोसॉफ्टचा ‘एचटीटीपी डॉट सिस’ कर्नलमध्येच मागण्या वाचतो. एप्रिल 2015 मध्ये त्यातली एक चूक उघड झाली. फाइलचा कोणता तुकडा हवा हे सांगणाऱ्या ‘रेंज’ हेडरमध्ये 64 बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा घातला, की हिशेब उलटायचा. लॉगिन नको, काही नको. एका मागणीत निळा स्क्रीन!

लिनक्सने वेगळी वाट धरली. ‘सेंडफाइल’ या सिस्टिम कॉलमुळे बाहेरचा सर्व्हरही कर्नलला सांगू शकतो, की ही फाइल परस्पर त्या सॉकेटला दे. हजारो जोडण्यांवर लक्ष ठेवायला ‘ईपोल’ आला. टक्सचा बहुतेक फायदा असा बाहेर बसूनच मिळाला, आणि टक्स लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये कधी गेलाच नाही. फाइल सर्व्हरचे तसे नाही. त्यांना फाइल सिस्टिमशी आतूनच बोलणे सोयीचे पडते. एनएफएसचा सर्व्हर कर्नलमध्ये टिकला आणि 2021 मध्ये लिनक्सच्या 5.15 आवृत्तीत ‘केएसएमबीडी’ हा फाइल सर्व्हरही आला. त्यातही पुढच्याच वर्षी सुरक्षेतले गंभीर भोक जाहीर झाले.

मायक्रोसॉफ्टचा आयआयएस हा वेब सर्व्हर चालवत असाल, तर मागण्या वाचणारा ‘एचटीटीपी डॉट सिस’ हा भाग आजही कर्नलमध्येच आहे. त्याचे पॅच पुढच्या महिन्यावर ढकलू नका.