छावणीजवळच्या ओहोळातला पुरावा

पुरावे गोळा करून गुन्ह्याचा छडा लावणाऱ्या चित्रपटांत प्रेक्षकाचे लक्ष बहुधा तपास अधिकाऱ्याच्या बुद्धीवर खिळवून ठेवले जाते. सांगितलेला शब्द जमिनीवरच्या जागेशी, वस्तूशी किंवा देहाशी जुळतो की नाही हे पडताळण्याचे काम, ज्यावर खटला खरोखर उभा राहतो, ते मात्र दोन-चार दृश्यांत उरकले जाते. हे काम किती किळसवाणे असते आणि किती सहज अर्धवट राहते, याची एक फार जुनी नोंद हिंगोलीची आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. एकोणिसाव्या शतकात मात्र निजामाच्या मुलखातील लष्करी छावणीचे गाव हीच हिंगोलीची ओळख होती. निजामाच्या नोकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केली आणि तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीत पाहिलेली हकिकत लिहून ठेवली. ठग म्हणजे प्रवाशांशी सलगी करून, वाटेत रुमालाने गळा आवळून त्यांना मारणारे व प्रेते पुरून टाकणारे लुटारू. त्यांना फासेगारही म्हणत. त्या भागातील ठगांचा म्होरक्या हरिसिंग हा हिंगोलीच्या भर रस्त्यावर प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरत होता आणि खुद्द टेलरचाही त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता.

या हरिसिंगाने मुंबईहून कापड आणण्यासाठी मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडून रीतसर परवाना मिळवला. ते कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते आणि मालकासह वाटेवर होते. मालकाला, त्याच्या नोकरांना आणि गुरे हाकणाऱ्यांना मारून त्याने माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. परवाना खोटा नव्हता, सही खरी होती, मालही तोच होता. म्हणून कागद तपासणाऱ्या कोणालाही संशय यायला जागा नव्हती, आणि पकडल्यानंतर त्याने स्वतः कबुली दिली नसती तर हा गुन्हा उघडकीस आलाच नसता, असे टेलर स्पष्ट लिहितो.

खऱ्या कागदाने खोट्याला आधार देण्याची ही युक्ती आजच्या प्रेक्षकाला ‘दृश्यम’मुळे परिचित आहे. जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम चित्रपटावरून निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये केलेल्या हिंदी चित्रपटात गोव्यातील विजय साळगावकर बसची व सिनेमाची तिकिटे आणि हॉटेलचे बिल पुढे ठेवतो. त्याला पाहिलेले साक्षीदार खोटे बोलत नाहीत, फक्त त्यांच्या आठवणीतला दिवस त्याने हलवलेला असतो. या चित्रपटाचे मोठेपण असे की तो पुरावा सापडण्याची नव्हे तर पुरावा घडवण्याची प्रक्रिया दाखवतो, आणि शेवटी प्रेत पोलीस ठाण्याच्याच जमिनीखाली असल्याचे प्रेक्षकाला कळते. हे पटकथाकाराचे धाडस वाटते. परंतु हिंगोलीत छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली होती.

ती जागा म्हणजे नदीला मिळणारा, एखाद्या चरापेक्षा रुंद वा खोल नसलेला कोरडा ओहोळ. शेजारच्या गावाकडे जाणारा रहदारीचा रस्ता त्याला लागूनच होता. माफीचे साक्षीदार, म्हणजे शिक्षेतून सूट मिळण्याच्या अटीवर साथीदारांविरुद्ध बोलणारे गुन्हेगार, एकामागून एक जागा शांतपणे दाखवत गेले आणि दाखवलेल्या प्रत्येक खड्ड्यातून अनेक प्रेते निघाली. शब्द आणि जमीन यांची गाठ येथे पडली. तरी या गाठीने काय सिद्ध झाले याचा विचार नेमकेपणाने करावा लागतो: प्रेते कोठे आहेत हे सांगणाऱ्याला ठाऊक होते, एवढे निश्चित झाले, मारणारा कोण, हे अजूनही त्याच्या शब्दावरच अवलंबून होते. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गोष्टीसाठी जन्मठेप ठेवली होती, त्यामुळे विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज उरली नव्हती, आणि स्वतःचा गळा वाचवण्यासाठी बोलणाऱ्यांच्या जबान्यांवर उभ्या राहिलेल्या ठगीच्या चित्राविषयी इतिहासकारांनी पुढे घेतलेली शंका रास्त आहे.

पुढील कायद्याने ही सीमारेषा आखली. १८७२ च्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढची कबुली अग्राह्य ठरली, आणि कलम २७ ने आरोपीच्या निवेदनातील ज्या भागामुळे एखादी वस्तू मिळाली तेवढाच भाग ग्राह्य मानला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. म्हणून आज ठाण्यात प्रथम दोन पंचांसमोर, म्हणजे तटस्थ साक्षीदारांसमोर, आरोपीचे निवेदन त्याच्याच शब्दांत उतरवले जाते; मग पुढे आरोपी, मागे पंच व पोलीस असे सर्व जण त्या जागी जातात. सुरुवातीची व शेवटची वेळ, चतुःसीमा, झाडापासून किंवा बांधापासूनचे टेपने मोजलेले अंतर पंचनाम्यात लिहिले जाते. वस्तू कागदात गुंडाळून, दोरा बांधून, लाखेचे सील मारून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून मुद्देमालात जमा होते, आणि आता झडती व जप्तीचे चित्रीकरणही बंधनकारक आहे. पंचनाम्यात वेळेची एक नोंद चुकली किंवा सील लागायला उशीर झाला, तर वर्षांनंतर उलटतपासणीत सगळा खटला त्या फटीतून निसटू शकतो. चित्रपटकारांनी या लाखेकडे आणि टेपकडे कॅमेरा वळवावा. खरा ताण तेथे आहे.

हिंगोलीच्या ओहोळात असा पंचनामा झाला नव्हता. एकामागून एक खड्डे उघडत गेल्यावर उपस्थितांना शिसारी आली आणि त्यांनी पुढचे खोदकाम सोडून दिले. दाखवायच्या उरलेल्या जागा तशाच राहिल्या.