तरवार कोणाच्या हातीं? संरक्षण मंत्रालयाच्या घडणीचा विचार

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतून बाहेर पडणाऱ्या तरुणांचें छायाचित्र वर्तमानपत्रांत आलें, म्हणजे आमच्या घराघरांतून तें कौतुकानें पाहिलें जातें. २०२५ च्या मे महिन्यांत तेथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हांपासून तर हें कौतुक थेट माजघरापर्यंत पोंचलें आहे. परंतु ह्या मुलामुलींना हुकूम देणार कोण, त्या हुकुमास लागणारा पैसा मोजून देणार कोण, आणि हुकूम चुकला तर त्याचा जाब देणार कोण, असा प्रश्न केला तर सुशिक्षित घरांतही क्षणभर स्तब्धता पसरते. ‘सरकार,’ एवढेंच उत्तर येतें. तें खोटें नाहीं; पण अपुरें आहे. ज्या खात्याच्या हातीं आपण आपलीं मुलें देतों, आणि २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत ज्यास सुमारें ६ लक्ष ८१ हजार कोटि रुपये नेमून देण्यांत आले, त्याची घडण ठाऊक असणें हा नागरिकाच्या व्यवहारज्ञानाचाच एक भाग होय. म्हणून भारत सरकारच्या संरक्षण मंत्रालयाची रचना आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

ती समजण्यास आपल्या इतिहासांतील एक दृष्टांत फार उपयोगीं पडेल. शिवछत्रपतींच्या राज्यांत गडाचा कारभार एकाच अधिकाऱ्याच्या स्वाधीन नसे. गडाचा हुकूम आणि दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे. हजिरी आणि हिशेब सबनिसाकडे. धान्य, दारूगोळा आणि इतर सामानाची कोठी कारखानिसाकडे. एक जण फितूर झाला तरी गड जाऊं नये, आणि एक जण चुकला तरी दुसऱ्यानें त्यास सांवरावें, हा ह्या वांटणींतील हेतु. परंतु अशा वांटणीची किंमतही असते. शत्रु तटाशीं येऊन भिडला असतां हवालदारानें दारूगोळा मागावा आणि कोठीवाल्यानें आधीं कागद पाहावा, असें झालें तर गड फितुरीशिवायच जावयाचा. सत्ता वांटावी तर दिरंगाई, एकवटावी तर मनमानी. ह्या दोहोंमधून वाट काढण्याचा प्रयत्न म्हणजेच जगांतील प्रत्येक संरक्षण मंत्रालयाचा इतिहास होय. आपल्या मंत्रालयाचा इतिहासही त्यास अपवाद नाहीं.

ह्या मंत्रालयाचें मूळ १७७६ सालीं कलकत्त्यास ईस्ट इंडिया कंपनीनें काढलेल्या लष्करी खात्यांत सांपडतें. त्या वेळीं त्याचें काम जवळजवळ कारकुनीच होतें; सैन्यासंबंधीं निरनिराळ्या खात्यांतून सुटणारे हुकूम गोळा करून नोंदून ठेवावे, एवढेंच. पुढें ब्रिटिश अंमलांत व्हाइसरॉयच्या मंडळांत लष्करी बाबतींत दोन अधिकारी बसूं लागले. एक सरसेनापति, तो सैन्य चालवी. दुसरा लष्करी सभासद, तो पुरवठा आणि खर्च पाही व सरसेनापतीच्या सूचनांवर व्हाइसरॉयला आपला स्वतंत्र अभिप्राय देई. १९०२ सालीं लॉर्ड किचनेर सरसेनापति होऊन आले, तेव्हां ही व्यवस्था त्यांस अगदीं असह्य झाली. आपल्याहून कमी दर्जाच्या सैनिकानें आपल्या योजनांवर शेरे मारावे, हें त्यांस रुचेना. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ह्यांचें म्हणणें असें कीं, दुसरें मत ऐकण्याची सोय नाहींशी झाली तर मुलकी सरकार सेनापतीच्या मुठींत जाईल. हा वाद विलायतेस गेला, तेथें किचनेर ह्यांची सरशी झाली, आणि १९०५ च्या ऑगस्टांत कर्झन ह्यांनीं राजीनामा दिला. वादांतून निघालेलें लष्करी पुरवठ्याचें लहानसें खातेंही १९०९ सालीं मोडलें. हवालदारी आणि कारखानिशी एकाच माणसाच्या गळ्यांत पडली.

ह्याचा परिणाम काय झाला, हें महाराष्ट्रानें आपल्या रक्तानें पाहिलें आहे. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, जी सहावी डिव्हिजन गेली, तिचें नांवच ‘पुणें डिव्हिजन’ होतें. आणि तींत १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरांत बगदादच्या वाटेवर टेसिफोन येथें मोठी लढाई झाली. तेथील जखमी शिपायांना स्प्रिंगा नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत आणि तेथून खचून भरलेल्या बोटींतून बसऱ्यास न्यावें लागलें. डॉक्टर थोडे, औषधें थोडीं, इस्पितळाच्या बोटी पुरेशा नाहींत. पुढें हीच डिव्हिजन कूट येथें वेढली गेली, आणि १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, २९ एप्रिल १९१६ रोजीं, उपासमारीमुळें तिला शरण जावें लागलें. सुमारें १३,००० माणसें कैद झालीं. त्यांपैकीं हजारो परत आलीं नाहींत. ह्या अनर्थाची चौकशी करणाऱ्या आयोगानें १९१७ सालीं जो अहवाल दिला, त्यांत इतर दोषांबरोबर हेंही स्पष्ट म्हटलें होतें कीं, सरसेनापति आणि लष्करी सभासद हीं दोन्ही कामें युद्धकाळीं एका माणसाच्यानें होणें शक्य नाहीं. ह्या अहवालानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन ह्यांनीं राजीनामा दिला. सिमल्यास कोणाच्या टेबलावर कोणता कागद जावा, हा वरवर शुष्क दिसणारा प्रश्न! पण त्याच्या उत्तरावर टायग्रिसच्या कांठीं एखाद्या रत्नागिरीच्या शिपायास मलमपट्टी मिळणें वा न मिळणें अवलंबून होतें.

१९३८ सालीं ह्या खात्यास ‘संरक्षण’ हें नांव मिळालें, आणि ऑगस्ट १९४७ मध्यें तें लोकांना जबाबदार अशा मंत्र्याच्या हाताखालीं आलें. सरदार बलदेवसिंग हे पहिले संरक्षणमंत्री. सरसेनापतीची मंत्रिमंडळांतील जागा गेली. भूदल, नौदल आणि वायुदल ह्यांस स्वतंत्र सेनापति मिळाले. आणि १९५५ सालीं ‘सेनापति’ ही पदवीही जाऊन तिघे आपापल्या दलाचे ‘प्रमुख’ झाले. राज्यघटनेच्या ५३ व्या कलमानें सैन्याचें सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. परंतु राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें वागतात, आणि मंत्रिमंडळ लोकसभेस जबाबदार असतें. अर्थात् तरवारीची मूठ अखेर मतदाराच्याच हातीं येते.

आज ह्या मंत्रालयाचे पांच विभाग आहेत, आणि प्रत्येकावर एक सचिव आहे. पहिला संरक्षण विभाग. त्याच्या सचिवाकडे धोरण, अंदाजपत्रक, संसदेचें काम, छावण्या, तटरक्षक दल आणि मोठ्या शस्त्रांची खरेदी. दुसरा संरक्षण उत्पादन विभाग, हा आमचा कारखानीस. माझगांव डॉकमधील युद्धनौका, नाशिकजवळ ओझर येथील विमानांचा कारखाना, गोवा शिपयार्ड, हीं त्याच्याच कक्षेंत येतात. दारूगोळ्याचे जुने ४१ सरकारी कारखानेही १ ऑक्टोबर २०२१ रोजीं सात कंपन्यांत वांटले गेले, आणि त्यांपैकीं म्युनिशन्स इंडिया ह्या कंपनीची मुख्य कचेरी पुण्यास आहे. तिसरा संशोधन आणि विकास विभाग. १९५८ सालीं स्थापन झालेली संशोधनसंस्था तो चालवितो, आणि तिच्या शस्त्रास्त्रांच्या व स्फोटकांच्या प्रयोगशाळा पुण्याच्या पाषाण भागांत आहेत. चौथा माजी सैनिकांच्या कल्याणाचा विभाग, आणि पांचवा २०२० सालीं निर्माण झालेला सैनिकी व्यवहार विभाग. सबनिसाचें काम पाहणारा वित्तविभाग ह्या सर्वांशेजारीं वेगळाच बसतो. हिशेबाच्या त्याच्या कचेऱ्या देशभर आहेत.

तिन्ही चाव्या कशा फिरतात, तें एका तोफेच्या उदाहरणानें पाहूं. तोफ हवी, अशी मागणी भूदलाच्या मुख्यालयांतून निघते. ती खरोखर हवी काय, ह्याचा निर्णय मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संपादन परिषद करते. मग निविदा निघतात. वाळवंटांत आणि बर्फांत तोफेची परीक्षा होते. किंमतीची घासाघीस होते. वित्तविभाग संमति देतो. आणि रक्कम फार मोठी असेल तर प्रकरण पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीपुढें जातें. खरेदी झाल्यावर महालेखापरीक्षक हिशेब तपासतो आणि संसदेच्या समित्या प्रश्न विचारतात. ह्यांतील एकही पायरी निरर्थक नाहीं. पण सर्व पायऱ्या मिळून कधीं कधीं इतकीं वर्षें घेतात कीं, तोफ सीमेवर पोंचेपर्यंत ती मागणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो. सैनिकांची जुनी तक्रार ती हीच.

मग मुलकी ताबा म्हणजे दिरंगाई असेंच समजावें काय? आमच्या मतें नाहीं. १९६२ च्या चीनयुद्धांत मंत्री आणि सेनानी ह्यांतील विश्वास पार ढांसळला होता. कृष्ण मेनन ह्यांना जावें लागलें आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण नोव्हेंबरांत दिल्लीस गेले. तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव ह्यांना नित्य एकत्र बसवून त्यांनीं हा विश्वास पुन्हां जोडला. त्याची कसोटी १ सप्टेंबर १९६५ रोजीं लागली. छांब भागांत पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हां भूदलप्रमुख आणि वायुदलप्रमुख दुपारीं मंत्र्यांकडे आले. विमानें वापरण्याची परवानगी चव्हाणांनीं थोडक्याच मिनिटांत दिली, आणि त्याच सायंकाळीं पठाणकोटाहून विमानें उडालीं. घडण तीच, नियम तेच. फरक पडला तो एकमेकांस ओळखणाऱ्या माणसांमुळें. परंतु राष्ट्राला दर वेळीं असें माणूस लाभेलच, असा भरंवसा धरून चालत नाहीं. म्हणून घडण सुधारीत राहावें लागतें.

१९९९ च्या कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम् ह्यांच्या समितीनें हाच विषय पुन्हां उघडला, आणि तिन्ही दलांच्या वतीनें एकमुखानें सल्ला देणारा एक प्रमुख असावा, अशी शिफारस मंत्रिगटानें २००१ सालीं केली. ती अमलांत येण्यास १८ वर्षें लागलीं! १ जानेवारी २०२० रोजीं जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दलप्रमुख झाले, आणि तेच नव्या सैनिकी व्यवहार विभागाचे सचिवही झाले. वर्दी घातलेला माणूस मंत्रालयांत सचिवाच्या खुर्चीवर बसण्याची ही पहिलीच वेळ. तिन्ही दलांच्या एकत्रित कमांडी उभारण्याचें कामही त्यांच्याकडे देण्यांत आलें. येथें कामाची विभागणी मोठी सूचक आहे. ‘देशाचे सैन्य’ हा विषय नव्या विभागाकडे गेला. ‘देशाचें संरक्षण’ हा विषय मात्र मुलकी सचिवाकडेच राहिला. शिवाय ह्या दलप्रमुखास तिन्ही दलांवर लढाईचा हुकूम चालविण्याचा अधिकार दिलेला नाहीं. किचनेर ह्यांस हवें होतें तें सैनिकाला मिळालें, पण पुरतें नाहीं. आणि ‘पुरतें नाहीं’ ह्यांतच कूटचा धडा शिल्लक आहे, असें आम्हांस वाटतें.

आतां आमच्या भगिनींच्या दृष्टीनें अगत्याची अशी एक गोष्ट. २०२५-२६ च्या संरक्षणखर्चांतील सुमारें १ लक्ष ६१ हजार कोटि रुपये, म्हणजे दर रुपयांतील जवळजवळ २४ पैसे, निवृत्तिवेतनासाठीं होते. मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई कामीं आला, म्हणजे त्याच्या पत्नीचें प्रकरण बेळगांवच्या अभिलेख कचेरींत सुरू होतें आणि प्रयागराजच्या निवृत्तिवेतन कचेरींत मंजूर होतें. अलीकडे ‘स्पर्श’ ह्या संगणकीय व्यवस्थेनें हा प्रवास बराच सोपा झाला आहे. तथापि नोंद मुळांतच चुकलेली असेल, पत्नीचें नांव माहेरचेंच राहिलें असेल वा अपत्याची जन्मतारीख दोन कागदांवर दोन प्रकारची असेल, तर कोणताही संगणक तेथें थबकतो. म्हणून विवाह, अपत्यजन्म आणि नांवांतील बदल ह्यांची नोंद वेळच्या वेळीं पलटणीच्या कचेरींत करवून घ्यावी आणि तिची प्रत घरीं जपून ठेवावी. घरांत शिपाई असो वा कर्नल, हा सल्ला दोघांसही सारखाच लागू आहे.

मंत्री आणि सेनापति ह्यांत मतभेद झाला, अशी बातमी वाचली कीं आपण चटकन् एका बाजूस उभे राहतों. बहुधा वर्दीच्या बाजूस, कारण मरणाला सामोरी जाते ती वर्दी. ती भावना आम्हांस कमी लेखावयाची नाहीं. परंतु अशा वेळीं तीन गोष्टी शांतपणें पाहाव्या: निर्णय कोणीं घेतला, त्याची किंमत कोणीं तपासली, आणि संसदेपुढें उत्तर कोण देणार. तिन्ही प्रश्नांना तीन निरनिराळीं नांवें मिळत असतील तर भांडण कितीही कडू असो, घडण शाबूत आहे असें समजावें. तिन्ही ठिकाणीं एकच नांव येऊं लागलें, तर मात्र तें नांव कितीही पराक्रमी असो, प्रत्येक आईबापानें सावध व्हावें. कारण त्या एका माणसाची चूक सुधारावयास दुसरा कोणी उरलेला नसतो, आणि तिची भरपाई सीमेवरच्या मुलांनाच करावी लागते.