वाचनसरावाचे संगणकी खेळ आणि बालकाची उत्सुकता

भाषेच्या अथवा बुद्धीच्या एखाद्या अंगाचा संगणकाच्या साहाय्याने सराव करून घेण्याची पद्धत गेल्या तीन दशकांत बरीच रूढ झाली आहे. स्मृती, अवधान, ध्वनिभेद ओळखण्याची शक्ती, अक्षर आणि उच्चार ह्यांची सांगड अशा नाना गोष्टींकरिता असे कार्यक्रम निर्माण झाले. त्या सर्वांपुढे एक अडचण समान आहे. सराव फलदायी व्हावयाचा तर तो पुनःपुन्हा करावा लागतो, आणि जे पुनःपुन्हा करावे लागते त्याचा कंटाळा येतो. कंटाळलेले मूल संगणकापुढे बसलेले असले तरी ते सराव करीत असतेच असे नव्हे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ह्या प्रश्नाचे बोलके उदाहरण फिनलंडमधील युवास्कुला येथे सापडते.

तेथील विद्यापीठात 1990 नंतरच्या दशकात सुमारे 200 बालकांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा अभ्यास हाती घेण्यात आला. त्यांपैकी निम्म्या बालकांच्या कुटुंबांत वाचनाची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, पूर्वीपासून आढळत होती. ह्या अभ्यासातून हाइकी ल्यूतिनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एकापेली’ नावाचा खेळ तयार केला. फिनलंडबाहेर तो ‘ग्राफोगेम’ ह्या नावाने ओळखला गेला. फिन्निश बोलीत ‘एका’ म्हणजे पहिला आणि ‘पेली’ म्हणजे खेळ. (‘एका’चे आपल्या ‘एक’शी साम्य दिसले तरी फिन्निश ही आर्यकुळातील भाषा नव्हे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) खेळाची रचना साधी आहे. मुलाच्या कानावर हेडफोनमधून एक ध्वनी पडतो, पडद्यावर वरून काही अक्षरे खाली येऊ लागतात, आणि ती तळाशी पोहोचण्यापूर्वी मुलाने योग्य अक्षर निवडावयाचे असते. चूक झाल्यास बरोबर अक्षर दाखविले जाते आणि तीच जोडी पुढे पुन्हा येते.

मुलाची उत्सुकता टिकविण्याचा पहिला उपाय ह्या रचनेतच गोवलेला आहे. मुलाची उत्तरे पाहून संगणक काठिण्य असे कमीअधिक करतो, की शेकडा 80 च्या आसपास उत्तरे बरोबर यावीत. ह्या प्रमाणामागील विचार सहज कळण्यासारखा आहे. सगळेच बरोबर येऊ लागले तर शिकण्यासारखे काही उरत नाही. निम्मे चुकू लागले तर वाचनात आधीच मागे पडलेल्या मुलाला वर्गातला अपमानच पुन्हा अनुभवावा लागतो. मात्र ह्या पद्धतीची एक उणी बाजू सहसा बोलली जात नाही. काठिण्य मुलाबरोबर वाढतच राहिल्याने त्याच्या यशाचे प्रमाण जवळजवळ स्थिर राहते, आणि आपण पुढे गेलो आहोत ही गोष्ट त्याच्या प्रत्ययास येत नाही. महिनाभर चालूनही मैलाचा दगड न दिसलेल्या वाटसरूसारखी त्याची अवस्था होते. म्हणून प्रगती दाखविण्याची वेगळी सोय करावी लागते, आणि येथूनच गुण, नाणी, पदके, चित्रे ह्यांचा प्रवेश होतो.

बक्षिसांचा प्रश्न जुना आहे. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट ह्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना ‘चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगण्यात आले. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुले इतरांच्या मानाने चित्रांकडे पुष्कळच कमी वळली. ज्यांना प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळाले त्यांच्या बाबतीत असे घडले नाही. परंतु ह्या प्रयोगाचा दाखला देऊन सर्वच बक्षिसे त्याज्य ठरविणे चूक होईल. कारण तो आधीपासून आवड असलेल्या मुलांविषयी आहे, आणि ज्याला अक्षरांचीच धास्ती बसली आहे त्याच्याजवळ गमावण्यासारखी आवड प्रथम असावी लागते. नेदरलंड्समध्ये सेबास्तियान डोव्हिस आणि सहकाऱ्यांनी 2012 साली अवधानाची अडचण असलेल्या मुलांच्या बाबतीत असे दाखविले, की पुरेशा मोठ्या रकमेचे आमिष अथवा कामाला दिलेले खेळाचे स्वरूप ह्यांमुळे ही मुले कामाला अधिक काळ चिकटून राहतात.

मग संगणकी वाचनसरावात बक्षिसे कितपत उपयोगी पडतात? मीआ रोनिमुस आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका हाच प्रश्न ग्राफोगेमविषयी विचारला होता. बक्षिसांची योजना असलेली मुले आरंभीच्या बैठकींत अधिक वेळ खेळली, परंतु पुढे हा फरक मावळला. काठिण्य बदलल्याने उत्सुकतेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत बेंजामिन कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी शालेय मुलांच्या स्मृतिसरावाविषयी केलेल्या अभ्यासातून असे सूचित झाले, की काम चालू असतानाच सतत बदलत राहणारे गुण दाखविल्याने सरावातील प्रगती उलट मंदावू शकते. ह्याचे कारण अनुमानिता येते. मुलाचे अवधान मर्यादित असते. जो भाग गुणांकडे जातो तो अक्षराकडून काढून घेतलेला असतो. बाजारातील बहुतेक कार्यक्रम ह्या वास्तवाकडे पाठ फिरवून नाण्यांचा खणखणाट वाढवीत जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

निरनिराळ्या देशांतील ग्राफोगेमविषयक अभ्यासांचा एकत्र आढावा एरिन मॅकटीग आणि सहकाऱ्यांनी 2020 साली घेतला. सर्व अभ्यासांची सरासरी काढता शब्दवाचनावरील परिणाम जवळजवळ शून्य भरला. परंतु ज्या अभ्यासांत मुलाजवळ बसून लक्ष घालणारे, त्याच्याशी बोलणारे प्रौढ माणूस होते, त्यांत परिणाम स्पष्टपणे सकारात्मक होता (परिणामांक 0.48). हे प्रौढ माणूस नेमके काय करीत असते, हे अशा आढाव्यातून उलगडत नाही. उत्तेजन, चुकीचे स्पष्टीकरण, की केवळ कोणीतरी पाहत आहे ही जाणीव? कोणतेही असले तरी माणसाची जागा भरून काढण्यासाठी जे साधन विकले जाते, ते माणूस जवळ असतानाच उपयोगी पडावे, हा त्या विक्रीवरील मोठाच अभिप्राय होय.

संशोधनपद्धतीच्या दृष्टीनेही प्रेरणेचा विचार टाळता येत नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत टॉर्केल क्लिंगबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या स्मृतिसरावाच्या प्रयोगात एका गटाचे काठिण्य वाढत गेले, तर तुलनेच्या गटाला सोप्याच पातळीवर ठेवण्यात आले. ह्यात दोन गटांमध्ये केवळ सरावाचा नव्हे तर रसाचाही भेद पडतो, अशी टीका पुढे अशा प्रयोगांवर झाली. 2016 साली सायरस फोरोघी आणि सहकाऱ्यांनी तर अपेक्षेचा प्रभाव थेट मोजला. बुद्धी वाढण्याचे सूचन करणारे पत्रक वाचून आलेल्यांचे बुद्धिमापनातील गुण अवघ्या एका तासाच्या सरावाने 5 ते 10 अंकांनी वाढले. साधे पत्रक वाचून आलेल्यांचे वाढले नाहीत. रोनाल्ड गिलम आणि सहकाऱ्यांनी भाषिक अडचण असलेल्या 216 मुलांवर केलेला 2008 सालचा प्रयोग ह्या संदर्भात आदर्श मानावा. त्यात ‘फास्ट फॉरवर्ड’ ह्या ध्वनिसरावाच्या कार्यक्रमाशी तुलना करण्यासाठी इतर संगणकी खेळ आणि प्रत्यक्ष वाचाचिकित्सक ह्यांना तितकाच वेळ देण्यात आला. सर्व गट सारखेच सुधारले.

मराठीसाठी असा खेळ रचावयाचा झाल्यास फिन्निशचा नमुना जसाच्या तसा घेता येणार नाही. फिन्निशमध्ये वर्ण आणि ध्वनी ह्यांच्या जोड्या वीस-पंचवीसच आहेत, आणि त्या जवळजवळ एकास एक अशा आहेत. मूल काही आठवड्यांत शेवटच्या टप्प्यास पोहोचते. देवनागरीत 34 व्यंजने आणि बाराखडीची 12 रूपे एवढीच धरली तरी संख्या चारशेपलीकडे जाते. जोडाक्षरे आणि रकाराची निरनिराळी रूपे वेगळीच. सोनाली नाग ह्यांनी कन्नडविषयी 2007 साली दाखविले, की अशा अक्षरांचे ज्ञान आत्मसात होण्यास प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात. तेव्हा आठवड्यांपुरती टिकणारी उत्सुकता येथे कामाची नाही, आणि वाटेत स्पष्ट मुक्काम पाडणे आवश्यक ठरते.

ह्याहून बिकट अडचण ध्वनींची आहे. ‘चहा’ आणि ‘चाक’ ह्यांतील आरंभीचे ध्वनी भिन्न, पण वर्ण एकच. ही बाब मुलाला फारशी नडणार नाही, कारण दोन्हींचे उत्तर एकच आहे. परंतु ‘कि’ आणि ‘की’, ‘तु’ आणि ‘तू’ ह्या जोड्या पडद्यावर एकत्र आणल्या तर काय होईल? मराठी उच्चारात ह्रस्वदीर्घाचा भेद अर्थनिर्णायक राहिलेला नाही, आणि शब्दाच्या अंती तर तो उच्चार दीर्घच होतो. कानाने भेद न करता येणाऱ्या जोडीत मूल निम्म्या वेळा चुकेल, आणि त्याची चूक का झाली हे त्याला कोणीही ऐकवून दाखवू शकणार नाही. संगणक मात्र ती चूक मुलाच्या खाती मांडून त्याला खालच्या पायरीवर उतरवील. अशा जोड्या ध्वनिसरावातून वगळून लेखनाच्या नियमांबरोबर, पुढील इयत्तेत, वेगळ्या शिकवाव्या लागतील. त्या कोणत्या, ह्याची यादी कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या हाती देण्याचे काम भाषाशास्त्राच्या विभागाचे आहे.