बांधापलीकडची शेती

‘अ‍ॅग्रिबिझनेस’ हा शब्द आपल्याकडे सहज वापरला जातो. त्याचा अर्थ मात्र सैल झाला आहे. पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हजारो एकरांचे शेत आणि त्यावर फिरणारी अजस्र यंत्रे येतात. हार्वर्ड विद्यापीठातील जॉन डेव्हिस आणि रे गोल्डबर्ग यांनी १९५७ साली आपल्या पुस्तकातून ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांना निराळेच अभिप्रेत होते. बियाणे, खते, औषधे यांपासून साठवण, प्रक्रिया आणि विक्रीपर्यंतची सारी साखळी म्हणजे हा व्यवसाय. शेत ही त्यातली एक कडी.

हा अर्थ घेतला की नाशिकच्या द्राक्षबागा वेगळ्या दिसू लागतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. अशा राज्यातला छोटा बागायतदार ऑक्टोबरात छाटणी करतो आणि त्याची द्राक्षे शीतगृहातून, कंटेनरमधून थेट रॉटरडॅमला उतरतात. शेत लहान, व्यापार अवाढव्य!

या साखळीचे दुसरे रूप २०१० साली दिसले. वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात आपली द्राक्षे अडली. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होई, त्यांच्या यादीत हे नावच नव्हते! म्हणजे माल रीतसर तपासून गेला होता. उणीव यादीत होती. तिचा फटका मात्र बांधापर्यंत आला. निर्यातदारांचे पैसे अडकले आणि त्यांच्यामागे बागायतदारांचेही.

शेतीचा व्यापार व्हावा की नाही, हा वाद मला आता निरर्थक वाटतो. तो केव्हाच झाला आहे. खरा प्रश्न आहे तो जोखमीच्या वाटणीचा. बांधापलीकडच्या सर्व कड्या दुसऱ्याच्या हाती असतील, तर नफा तिकडे थांबतो आणि तोटा तेवढा परत येतो.

१९९१ साली ‘महाग्रेप्स’च्या रूपाने बागायतदारांच्या सहकारी संस्था निर्यातीसाठी एकत्र आल्या. पुढे २००२ च्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपन्यांची वाट मोकळी झाली. मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ त्याच वाटेवरची. अशा एकजुटीने युरोपचे नियम बदलत नाहीत, हे खरे. पण नियम आधी कळतात, तपासणीचा अहवाल वाचणारा माणूस आपला असतो आणि नुकसान एकट्याच्या घरावर कोसळत नाही. मोठा व्यापार पेलायचा, तर लहान शेतकऱ्याला एवढे बळ हवेच.